आजारी सशाची शुश्रूषा

ससा 12 तास अन्नास शिवला नाही, तर ती गंभीर गोष्ट समजावी. त्याची आतडी मंदावतात आणि वांती करण्याची शक्ती तर निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. अशा वेळी पुष्कळ जण दयाबुद्धीने त्याला दूध किंवा भाताची पेज पाजतात. ही दया घातक होय. सशाचे पचन अंधनालातील (शब्द नेमका आहे, वापरात मात्र नाही) सूक्ष्मजंतूंवर अवलंबून असते आणि त्यांना पिष्ट नव्हे, तंतू हवे असतात.

परदेशी तयार चूर्णे उत्तम खरी. पण त्यांच्या किमतीपायी उपचारच लांबणीवर टाकणे मला गैर वाटते. सशाच्या नेहमीच्या गवताच्या गोळ्या बारीक दळून, चाळून कोमट पाण्यात कालवल्या, तरी तात्पुरते काम भागते. सुई काढलेल्या सिरिंजने, पटाशीच्या दातांमागील मोकळ्या जागेतून, एका वेळी सुमारे 1 मिलिलिटर द्यावे व तो गिळेपर्यंत थांबावे. घाईने अन्न फुप्फुसात जाते. मात्र पोट फुगून ताठ झाले असेल, तर काहीही न भरविता त्याला तत्काळ पशुवैद्यांकडे न्यावे.