पायातले बोल्ट

घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळात कोसळलेल्या जाहिरात फलकाने १७ जणांचे प्राण घेतले. ४० फुटांची मर्यादा असता तो १२० बाय १४० फुटांचा उभारला होता, याचीच चर्चा अधिक झाली. त्याचा पाया अपुरा होता, हा तपासातील निष्कर्ष मागे पडला. पोलादी खांबाचा भार बेस प्लेट काँक्रीटवर पसरविते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु फलक काय, पत्र्याची शेड काय, वजनाने हलकी. वारा तिला उलथू पाहतो आणि वाऱ्याकडील फाउंडेशन बोल्ट वर उपसले जाऊ लागतात. आपल्या संभाजीनगरासाठी भारतीय मानकाने वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदास ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. आणि वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो! बोल्टची जाडी वरून मोजता येते. तो किती खोल रुतला आहे, हे काँक्रीट ओतल्यावर कोण पाहणार? म्हणून जालना रस्त्यावरील फलक असो वा वाळूजची शेड, ओतकामापूर्वी घेतलेले खोलीचे माप अभियंत्याच्या सहीनिशी जोडल्यावाचून स्थैर्याचा दाखला ग्राह्य धरू नये, अशी आमची मागणी आहे.