अश्वहृदय

प्रवासास निघणाऱ्या माणसाबरोबर घरच्या मंडळींनीं काय काय द्यावें यास कांहीं मर्यादा नसते. गेल्या वर्षीं चैत्रांत मी इटलींतील लेक्को या गांवीं पुतण्याकडे तीन महिने राहावयास निघालों, तेव्हां आमच्या वहिनींनीं मेतकूट, लिंबाचें लोणचें, सांडगे आणि एक कामगिरी अशा चार वस्तु मजबरोबर दिल्या. पहिल्या तीन त्यांनीं स्वयंपाकघरांत बसून बांधल्या. चौथी मात्र दाराआड उभ्या राहून, आवाज खालीं आणून सांगितली.

"भाऊजी, तेवढी ती फटफटी त्याला विकायला लावा. तुमचं तो ऐकतो."

या मागणीमागचें कारण आमच्या घरांत सर्वांस ठाऊक आहे, व कोणी तें उच्चारीत नाहीं. वहिनींचा धाकटा भाऊ १९८८ सालीं नगरच्या रस्त्यावर मोटरसायकलीच्या अपघातांत गेला. त्या वेळीं तो चोवीस वर्षांचा होता. ती गाडी कोणत्या बनावटीची होती हें वहिनींस आजहि सांगतां येणार नाहीं. ती दोन चाकांची होती इतकेंच त्यांस पुरेसें आहे. मीं मान हलविली आणि कामगिरी पत्करली. पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास, आपण सांगितलें कीं मुलगा ऐकतो, असा एक भ्रम असतोच.

लेक्को हें गांव कोमो सरोवराच्या आग्नेय टोंकाशीं, डोंगरांच्या पायथ्याशीं वसलेलें असून लोखंडाच्या कामाबद्दल तें पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. चिरंजीव तेथें इंजिनियर आहे. मी पोहोंचलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें मला चाळीसारख्या त्या इमारतीच्या चौकांत नेलें आणि वरचें कापड काढून आपली नवी 'मोटो गुत्सी' दाखविली. गाडीचें नांव व्ही ७. ८५३ घन सेंटिमीटरचें इंजिन, पासष्ट अश्वशक्ति, आणि वजन सुमारें २१८ किलो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांचें सिलिंडर टाकीखालीं मुकाट्यानें दडलेलें असतें. हिचीं दोन सिलिंडरें मात्र काटकोन करून दोन्ही बाजूंस चक्क बाहेर आलेलीं. एखादा पैलवान कोपरें फांकून, वाट अडवून बसावा तशी ती मला दिसली. मनांत म्हटलें, वहिनींची भीति अगदींच अस्थानीं नाहीं.

चिरंजीवानें ती सुरू केली आणि उभ्या जागीं मूठ किंचित् पिळली, तोंच सबंध गाडीनें उजव्या अंगास एक झोल दिला. मी दोन पावलें मागें सरलों. "अरे, पडते आहे का ती?" तो हंसला. "नाही काका, तो तिचा स्वभाव आहे."

स्वभाव हा शब्द त्यानें सहज वापरला. पण आयुष्यभर व्युत्पत्ति शिकविलेल्या माणसाच्या कानांत तो अडकून राहिला. मागाहून त्यानें कारण समजावून दिलें. पिस्टनांच्या ये-जा करण्यानें फिरणारा जो क्रँकशाफ्ट, तो बहुतेक गाड्यांत आडवा असतो. या गाडींत तो लांबीच्या दिशेनें, म्हणजे पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे जाणारा आहे. तो एका अंगास जोरानें फिरूं लागला कीं गाडीचा सांगाडा दुसऱ्या अंगास ढकलला जातो. न्यूटनचा तिसरा नियम मीं कित्येक वर्षें फळ्यावर लिहिला होता. तो मांडीला टेकून अनुभवावयास मिळेल असें वाटलें नव्हतें. गाडी चालूं लागली कीं हा झोल जवळजवळ जाणवत नाहीं. या रचनेचे फायदेहि आहेत. दोन्ही सिलिंडरें वाऱ्यांत असल्यामुळें सारखींच थंड राहतात. मागच्या चाकाकडे शक्ति नेण्यास सांखळी न लागतां दांडा पुरतो. आणि डोकीं बाहेरच असल्यानें झडपांची दुरुस्ती करतांना निम्मी गाडी सोडावी लागत नाहीं.

इटालियन वाहन आमच्या घराण्यास अगदींच परकें नव्हतें. व्हेस्पाच्याच वंशांतील बजाजची चेतक स्कूटर १९७२ सालीं निघाली, आणि चिरंजीवाच्या वडिलांनीं, म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं, ती पुढें वीस वर्षें वापरली. चेतक हें राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव. व्हेस्पा निर्माण करणाऱ्या पिआजिओ कंपनीकडेच २००४ पासून मोटो गुत्सी आहे, व तिच्या बारामतीच्या कारखान्यांत २०१२ पासून व्हेस्पा तयार होऊं लागल्या. हा सोयरसंबंध मीं वहिनींस दूरध्वनीवरून सांगून पाहिला. "स्कूटरवर हे हळू जायचे," एवढेंच उत्तर आलें.

लेक्कोहून सुमारें दहा किलोमीटरांवर, त्याच सरोवराच्या कांठीं, मांदेल्लो देल लारिओ नांवाचें गांव आहे. या गाड्या तेथें होतात, आणि १९२१ पासून तेथेंच होत आल्या आहेत. त्यांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या नौदलाच्या विमानदळांत कार्लो गुत्सी हा यंत्रज्ञ आणि ज्योर्ज्यो पारोदी व ज्योव्हान्नी राव्हेल्ली हे दोघे वैमानिक एकत्र आले. युद्ध संपल्यावर तिघांनीं मिळून मोटरसायकली तयार कराव्या असा बेत ठरला. परंतु युद्धांतून सुखरूप सुटलेला राव्हेल्ली १९१९ मध्यें विमानाच्या अपघातांत मरण पावला. उरलेल्या दोघांनीं बेत तडीस नेला, आणि गेलेल्या मित्राची आठवण म्हणून वैमानिकांचा गरुड आपल्या बोधचिन्हांत घेतला. तो पंख पसरलेला गरुड आजहि प्रत्येक गाडीच्या टाकीवर असतो. १९२८ सालीं कार्लोचा भाऊ ज्युसेप्पे हा मागील चाकास स्प्रिंगांचा आधार दिलेली नवी गाडी घेऊन थेट नॉर्वेच्या उत्तर भागापर्यंत जाऊन आला. त्या काळीं तसल्या गाडीवर लोकांचा विश्वास नव्हता, तो या प्रवासानें बसला. ज्युलिओ चेझारे कार्कानो या इंजिनियरनें आंखलेल्या काटकोनी इंजिनाची पहिली व्ही ७ गाडी १९६७ मध्यें विक्रीस आली. चिरंजीवाची गाडी तिची वारस.

मी गेलों तेव्हां गाडी नऊशें किलोमीटर चाललेली होती, आणि पहिल्या पंधराशें किलोमीटरांचें तिचें शिक्षण चालूं होतें. शिक्षण हा शब्द मीं विचारपूर्वक वापरला आहे. सिलिंडरची भिंत व पिस्टनचीं कडीं डोळ्यांस आरशासारखीं गुळगुळीत दिसलीं तरी सूक्ष्म पाहतां त्यांवर उंचवटे असतात. ते एकमेकांशीं घांसून जुळावयाचे असतात. म्हणून या काळांत गाडी भरधांव सोडावयाची नाहीं, फार वेळ एकाच वेगानें चालवावयाची नाहीं, आणि अगदीं गोंजारीतहि न्यावयाची नाहीं. कमीअधिक श्रम द्यावयाचे. पंधराशें किलोमीटर झाले कीं तेल बदलतात, व त्या तेलाबरोबर घर्षणानें सुटलेली धातूची बारीक पूड निघून जाते. नव्या वर्गाच्या पहिल्या सहामाहींत शिक्षकानें याहून निराळें काय करावयाचें असतें? फार ताणलें तर मुलगा तुटतो, मुळींच न ताणलें तर घडत नाहीं.

चिरंजीवानें एक वही ठेविली होती. तिच्यांत रोजचे किलोमीटर, पेट्रोल, टायरांतील हवा व तेलाची पातळी लिहिलेली. शाळेंत असतां ज्या मुलाची वही मीं कधींहि पूर्ण पाहिली नाहीं, त्याच्या हातची ती वही पाहून मला जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं. रविवारीं सकाळीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चौकांत खुर्ची टाकून बसत. त्यांनीं सारा जन्म यंत्रशाळेंत काढलेला. चिरंजीव इंजिन सुरू करी, ते डोळे मिटून ऐकत, आणि बोटानें "थांब" अशी खूण करीत. झडपांचा नेहमींचा टकटक आवाज कोणता आणि ऐकून सावध व्हावें असा कोणता, हें ते त्यास शिकवीत होते. भाषा मला कळत नव्हती. पण पाठ चालला आहे हें कळत होतें.

एका रविवारीं मी त्या खुर्चीशेजारीं उभा असतां डाव्या सिलिंडरच्या झांकणावर मला खरवड दिसली. चांगली चार बोटें लांब, धातूपर्यंत गेलेली. मीं चिरंजीवाकडे पाहिलें. त्यानें फडकें घडी केलें, पुन्हां उलगडलें, आणि मग सांगितलें. मी येण्यापूर्वीं पंधरा दिवस, पावसाच्या संध्याकाळीं, दगडी फरसबंदीच्या उतारावर, अगदीं चालण्याच्या वेगांत वळतांना त्यानें पुढचा ब्रेक दाबला. चाक अडकून घसरूं नये म्हणून अशा गाड्यांस ए.बी.एस. यंत्रणा असते, पण हँडल वळलेलें असतां जवळजवळ थांबलेली जड गाडी तोल सोडून आडवी होऊं लागली, तर ती यंत्रणा काय करणार? गाडी डावीकडे कलंडली. बाहेर आलेल्या त्या सिलिंडरनें भार झेलला, व पाय खालीं सांपडला नाहीं. सूनबाई धांवत आल्या आणि दोघांनीं मिळून ती उभी केली.

"चूक माझीच होती, काका," तो म्हणाला. "पण आईला सांगू नका."

मीं म्हटलें, "मी सांगणार नाही. पण हें माझ्यापाशीं ठेवून घेणार नाही. सांगायचं तें तूं सांग."

पुढले दोन दिवस घरांत जेवणापुरतें बोलणें झालें. मी स्वतःशींच वाद घालीत होतों. कामगिरी पुरी करण्यास याहून चांगली संधि नव्हती. ती खरवड पुढें करून मीं गाडी विकावयास लाविली असती, आणि तो कदाचित् ऐकलाहि असता. परंतु ज्या गोष्टीवर निकाल द्यावयाचा ती स्वतः पाहिल्यावांचून निकाल देणें मला शाळेंतहि कधीं जमलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं मीं सूनबाईंचें शिरस्त्राण मागून घेतलें, आणि त्रेसष्टाव्या वर्षीं त्या गाडीच्या मागच्या बैठकीवर चढलों.

बोगद्यांचा मोठा रस्ता सोडून आम्ही सरोवराच्या कडेच्या जुन्या रस्त्यानें मांदेल्लोस गेलों. दृश्याचें वर्णन करीत नाहीं. मीं तें फारसें पाहिलेंहि नाहीं. मी पाहात होतों तो पुढें बसलेल्या मुलाची मान. प्रत्येक वळणाआधीं ती वळत होती; ओलसर सांवली आली कीं वेग उतरत होता; मोटारीमागें राहावें लागलें तरी खांदे आंखडत नव्हते. ज्या मुलास मीं उतावळा म्हणून पन्नास वेळां बांकावर उभें केलें, तो त्या दहा किलोमीटरांत एकदांहि उतावळा झाला नाहीं.

मला नळाची गोष्ट आठवली. बाहुक नांवानें सारथि होऊन राहिलेला नळ ऋतुपर्ण राजास विदर्भास न्यावयास निघतो, तेव्हां त्यानें निवडलेले घोडे राजास कृश दिसतात व तो शंका काढतो. पण नळापाशीं अश्वहृदय नांवाची विद्या होती. घोड्याचें बाह्यांग पाहणारे पुष्कळ; त्याचें हृदय जाणणारा एखादाच. मात्र त्याच नळास फांशांचें हृदय ठाऊक नव्हतें, म्हणून राज्य गेलें. तें त्यास ऋतुपर्णानें शिकविलें. एका विद्येनें माणूस पुरा होत नाहीं. गाडीचा स्वभाव चिरंजीव शिकला होता. भिजलेल्या फरसबंदीचा स्वभाव तो पडून शिकला. आणि आईच्या भीतीचा स्वभाव त्यास अजून शिकावयाचा होता.

त्या रात्रीं त्यानें आईस दूरध्वनि केला आणि सर्व सांगितलें, खरवडहि सांगितली. पलीकडून बराच वेळ शब्द नाहीं. मग एकच प्रश्न आला, "पायाला काही झालं नाही ना?" नाही म्हणतांच वहिनींनीं फोन ठेविला. दुसऱ्या दिवशीं तो माझ्या नांवें आला. "भाऊजी, तुम्हांला विकायला पाठवलं, आणि तुम्ही मागं बसून फिरून आलात!" यावर उत्तर नव्हतें, व मीं दिलेंहि नाहीं.

श्रावणाच्या तोंडावर मी परत आलों. वहिनींची संमति मिळाली असें मी म्हणणार नाहीं. छत्तीस वर्षांचें दुःख दहा किलोमीटरांच्या फेरीनें फिटत नसतें. पावसांत गाडी काढावयाची नाहीं, आणि घरीं पोहोंचल्यावर रात्र असो कीं पहाट, एक ओळ लिहून कळवावयाचें, या दोन अटी त्यांनीं घातल्या आहेत. त्या ओळी रोज येतात, व त्या वाचल्यावरच वहिनी देवापुढची समई शांत करतात. मध्यंतरीं चिरंजीवानें लिहिलें कीं पंधराशें किलोमीटर केव्हांच झाले, तेल बदललें, आणि आतां तें खरवडलेलें झांकण काढून नवें बसवावें म्हणतों.

मीं तें पत्र वहिनींस वाचून दाखविलें. त्या तांदूळ निवडीत होत्या. मान वर न करतां म्हणाल्या, "त्याला म्हणावं, नवं बसवू नकोस. ती खरवड राहू दे. दिसली की हात आवरेल."

मीं तसें कळविलें आहे. झांकण तसेंच आहे.