तळ्याकाठचं लग्न आणि आपल्या नळाचं पाणी

शनिवारी दुपारी कोल्हापुरातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांकडे एकदा नीट पाहा. राधानगरीचा रस्ता, गगनबावड्याचा रस्ता, मलकापूर-आंब्याकडे जाणारा रस्ता, सगळीकडे गाड्यांची रांग. मागच्या सीटवर मुलं, डिकीत बॅगा आणि बॅडमिंटनच्या रॅकेटी. लग्नसराईत यात वऱ्हाडाच्या बसची भर पडते. शहरातल्या मंगल कार्यालयात पार्किंग नाही, गर्दी सोसत नाही, म्हणून मांडव आता थेट धरणाच्या काठावर पडतो. मागे डोंगर, समोर पाणी, मध्ये नवरा-नवरी. फोटो सुंदर येतात यात शंका नाही.

शिक्षक आणि पालक मित्रहो, या जाण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आठवडाभर ट्रॅफिक, ट्यूशन आणि मोबाइल यांत अडकलेल्या घराला दोन दिवस मोकळी हवा मिळाली तर चांगलंच आहे. मुलांनी झाडं बघावीत, चुलीवरची भाकरी खावी, रात्री आकाशातल्या चांदण्या मोजाव्यात. प्रश्न जाण्याचा नाही. आपण जिथे जातो ती जागा आपली कोण लागते, हे आपल्याला ठाऊक आहे का, असा प्रश्न आहे.

जरा नकाशा उघडू या. पंचगंगेला येऊन मिळणाऱ्या नद्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती. आता यांतल्या चार नद्यांवरची धरणं बघा. कासारीवर गेळवड्याचं, कुंभीवर लखमापूरजवळचं, तुळशीवर धामोडजवळचं आणि भोगावतीवर राधानगरीचं. शेजारी दूधगंगेवर काळम्मावाडीचं. आपण ज्या तळ्यांच्या काठी सुट्टीला जातो ती हीच. आणि ही सगळी कोल्हापूर शहराच्या वरच्या अंगाला आहेत. पाणी वरून खाली वाहतं, हे तर पहिलीतलं पोरही सांगेल.

म्हणजे काय झालं? वर्षानुवर्षं कोल्हापूरकर पंचगंगेचं आणि भोगावतीचं पाणी पीत आले. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइनने पुईखडीपर्यंत आलं आणि शहराने आनंद साजरा केला. तोही रास्तच होता, कारण कित्येक वर्षांची मागणी होती. पण त्या दिवसापासून काळम्मावाडीचं तळं हे आपल्यासाठी 'तिकडे लांब कुठेतरी' राहिलेलं नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातल्या माठात आलं आहे. ज्या पाण्याच्या काठी आपण वरातीत नाचतो, तेच पाणी सोमवारी सकाळी आपण मुलाच्या बाटलीत भरून शाळेत पाठवतो. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर बाकीचं फारसं सांगावं लागणार नाही.

खालच्या अंगाला राहणाऱ्याचं काय होतं, तेही आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. नदीत जे सोडलं जातं ते पुढच्या गावाला प्यावं लागतं, हे त्या वेळी सगळ्यांना कळलं. तेव्हा आपण वर होतो आणि इचलकरंजी खाली. तळ्यांच्या बाबतीत मात्र आपण खाली आहोत.

आता ही तळी आली कुठून, तेही मुलांना सांगायला हवं. ती काही निसर्गाने फोटोसाठी ठेवलेली नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात रयतेचे हाल राजर्षी शाहू महाराजांनी डोळ्यांनी पाहिले. पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात कोरड, हे चक्र तोडायचं तर पाणी अडवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावतीवरच्या धरणाचं काम हाती घेतलं. संस्थान केवढं आणि धरण केवढं! पैसा पुरेना, काम रखडलं. महाराज १९२२ साली गेले. धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. या जलाशयाला त्यांनी पत्नीचं, लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, आणि जवळ वसवलेल्या गावाला लेकीचं, राधाबाईंचं. लक्ष्मी तलाव आणि राधानगरी. माणूस घरच्या माणसांची नावं कशाला देतो? ज्याला तो घरचं मानतो, त्यालाच ना?

त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तळं भरलं की ते आपोआप उघडतात, कुणी बटण दाबावं लागत नाही. दर पावसाळ्यात ही बातमी आपण वाचतो. तळ्याला आपली मर्यादा कळते. काठावर किती माणसं, किती गाड्या, किती आवाज मावेल, याची मर्यादा मात्र आपल्यालाच ओळखावी लागेल. त्यासाठी स्वयंचलित दरवाजा नाही.

थोडं कडू बोलतो. तळ्याकाठचा गारवा शोधायला आपण आज पन्नास-पंचावन्न किलोमीटर जातो. पण कोल्हापूर हेच एके काळी तळ्यांचं गाव होतं. आज जिथे गांधी मैदान आहे तिथे वरुणतीर्थ होतं. कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरते. भाजी घेताना आपण तळ्यावर उभे आहोत, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचतं आणि आपण महापालिकेला नावं ठेवतो. पाणी बिचारं आपल्या जुन्या घरी आलेलं असतं! उरला रंकाळा. त्यात सांडपाणी सोडलं, केंदाळ माजू दिलं, आणि मग ते काढण्यासाठी पुन्हा मोहिमा काढल्या. घरची तळी बुजवून, नासवून आपण आता वरच्या तळ्यांकडे निघालो आहोत. तिथेही तेच केलं, तर त्याच्या पुढे जायला जागा नाही. पुढे घाट आहे आणि खाली कोकण.

वर काय चाललंय, ते तिकडच्या माणसांना विचारा. धरणाजवळच्या एका गावातल्या शेतकरी आजोबांशी मध्यंतरी बोलत होतो. ते म्हणाले, "पावणं येत्यात, चांगलंच हाय की. पोरास्नी काम मिळतंय. खरं लगीन झाल्यावर पत्रावळ्या आमच्याच बांधावर येऊन पडत्यात गुरुजी. म्हस त्येच खातीया." पत्रावळी म्हणजे पळसाच्या पानांची नव्हे हो. ती असती तर म्हशीने खाल्ली तरी काही बिघडलं नसतं. ही प्लास्टिकचा थर दिलेली. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पण मांडव गावाबाहेर पडला की बंदीही गावातच राहते, असं दिसतं.

दुसरी गोष्ट, आवाज आणि उजेड. राधानगरी अभयारण्य हे गव्यांचं घर. पूर्वी ते छत्रपतींचं शिकारीचं जंगल होतं. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ते सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं. या जंगलाच्या आसपास मे अखेरीस, वळवाचा पाऊस झाला की झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. ते बघायला माणसं लांबून येतात, त्यासाठी काजवा महोत्सवही भरतो. काजवा उजेडातून बोलतो. नराने चमकायचं, मादीने त्याला उत्तर द्यायचं. ही त्यांचीही लग्नसराईच म्हणा ना! आणि नेमकी तीच आपली. आपल्या मांडवातले हॅलोजन आणि लेझर लागले की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. आपलं एक लग्न लागतं आणि तिकडे शेकडो मोडतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे. ती माणसांच्या झोपेसाठी. गव्याने कुणाकडे तक्रार करायची? मग २०२१ साली गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले, तेव्हा आपण म्हणालो, हे इकडे कसे काय आले!

पण शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते मुलांच्या बाबतीत. आमच्या वर्गात 'मी पाहिलेले तळे' असा निबंध दिला होता. एका मुलाने दोन पानं भरून लिहिलं, आणि ती सगळी स्विमिंग पूलवर. घसरगुंडी किती उंच, पाणी किती निळं, नाश्त्याला काय काय. शेवटी एकच ओळ : 'पलीकडे एक मोठे धरणपण होते.' मुलगा हुशार आहे, लिहिलंही मनापासून. त्याला दोष कसा देणार? मोठ्यांनी जे दाखवलं तेच त्याने पाहिलं. ज्या धरणाचं पाणी पिऊन तो वाढतोय, ते त्याच्या निबंधात 'पलीकडे' राहिलं.

आता दुसऱ्या बाजूचा मुलगा बघा. तळ्याकाठच्या शाळांत शिकवणारे सहकारी सांगतात की लग्नसराईत सोमवारी हजेरी कमी भरते. रविवारी रात्री मोठं लग्न असतं. आठवी-नववीची पोरं वाढपी म्हणून जातात, ताटं उचलतात, दोनला घरी येतात. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचं नाही, हा कायदा सगळ्यांना माहीत आहे. पण मांडवात कोण कुणाचं वय विचारतं? तुमचा मुलगा जेवतो आणि त्याच्याच वयाचा मुलगा त्याचं खरकटं उचलतो. हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, पण दोघेही तो नीट शिकतात.

यावर कुणी म्हणेल, "गुरुजी, पर्यटन बंद केलं तर त्या गावांनी खायचं काय?" प्रश्न बरोबर आहे. धरणांत ज्यांची शेतं-घरं गेली, त्यांच्या वसाहती जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. आपल्या पाण्यासाठी त्यांनी आधीच खूप सोसलं आहे. जी मागे राहिली त्यांच्या पोरांना गावातच चार पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. म्हणून तर माझं म्हणणं आहे की जा, पण पाहुणे म्हणून जा. आपल्याकडे पाहुण्याचेही काही नियम असतात. पाहुणा घरच्यांच्या आधी ताटावर बसत असेल, पण त्यांच्या विहिरीत चूळ भरत नाही. गिऱ्हाईक पैसे फेकतं आणि निघून जातं. पाहुण्याला पुन्हा यायचं असतं.

आणि साधेपणा आपल्याला नवा आहे का? महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पहिला सत्यशोधक विवाह झाला. कमी खर्चात, बडेजाव न करता. शाहू महाराजांच्या काळात तीच चळवळ कोल्हापुरात रुजली. कर्ज काढून लग्न करू नका, हे सांगणारी माणसं याच मातीत होऊन गेली. त्याच महाराजांनी बांधलेल्या धरणाच्या काठावर आपण ड्रोन उडवून लाखोंचा चुराडा करतो. महाराजांची जयंती २६ जूनला शाळेत साजरी करतोच आपण. भाषणात धरणाचा उल्लेखही येतो. मग धरणाकाठी वागतानाही महाराज आठवायला काय हरकत आहे?

पालकांना माझ्या अगदी साध्या विनंत्या आहेत. तळ्याकाठी जाल तेव्हा स्विमिंग पूलच्या आधी मुलाला धरण दाखवा. ही नदी कुठली, ती पुढे कुठे जाते, आपल्या घरी कशी येते, हे तिथेच उभं राहून सांगा. आपला कचरा पिशवीत भरून परत आणा. राहायची जागा ठरवताना मालकाला विचारा, सांडपाणी कुठे सोडता? हा प्रश्न दहा गिऱ्हाइकांनी विचारला की अकराव्याच्या आधी शोषखड्डा तयार होतो. लग्न ठरवत असाल तर पानांच्या पत्रावळ्या गावातूनच घ्या, वाढपी मोठ्या वयाचे आहेत ना ते बघा, आणि दहाच्या आधी आवाज बंद करा. अक्षता एकदाच पडतात. त्या पडल्यावर बाकीची रात्र काजव्यांची.

शिक्षकांनाही एक सुचवतो. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याची ओळख असते. तो पाठ वर्गात संपवू नका. सहल वॉटर पार्कला नेण्याऐवजी एक वर्ष धरणावर न्या. जमलं तर तिथल्या शाळेला भेट द्या. आपल्या मुलांना त्या मुलांबरोबर एका पंगतीला बसवा, आणि त्या दिवशी आपल्या मुलांना वाढू द्या.

परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध नको. 'माझ्या नळाचं पाणी' हा विषय द्या. मुलांनी नळापासून सुरुवात करून उलट दिशेने लिहीत जावं. टाकी, पुईखडी, पाइपलाइन, धरण, डोंगरावरचा पाऊस, आणि वाटेत भेटलेली माणसं. ज्या मुलाचा निबंध डोंगरापर्यंत पोचेल, तो मोठेपणी आपल्या लग्नाचा मांडव कुठे आणि कसा घालायचा, हे आपलं आपण ठरवील. त्याला सांगायला आपण लागणार नाही.