न वितळणारे चीज, न सुटणारे मीठ

सायप्रस बेटावरचे हलूमी हे चीज निखाऱ्यावर ठेवले तरी वितळत नाही. वरून तांबूस होते, आतून मऊ राहते आणि खाताना दातांखाली करकरते. या गुणामुळेच ते ग्रिलवर लोकप्रिय झाले. पण ग्रिलवरून ताटात येताना त्याचे प्रमाण वाढले, हे आरोग्याच्या दृष्टीने बरे झाले नाही.

बहुतेक चीजमध्ये जिवाणूंचे विरजण आम्लता वाढवते. तिच्यामुळे दुधातल्या प्रथिनांना जखडून ठेवणारे कॅल्शियम काही अंशी सुटते आणि आच लागताच चीज पाघळते. पारंपरिक हलूमीत विरजण नसते. दूध, मुख्यतः मेंढी-शेळीचे, रेनेटने घट्ट करतात, त्याच्या दाबलेल्या वड्या त्यातूनच निघालेल्या निवळीत ९० अंश सेल्सियसच्या वर शिजवतात आणि मीठ-पुदिना लावून घडी घालतात. कॅल्शियम जागेवर राहते, प्रथिनांची वीण आणखी घट्ट होते. मग वड्या खाऱ्या पाण्यात मुरतात. फ्रीज नसलेल्या उष्ण बेटावर दूध टिकवण्याची ही युक्ती होती. हे मीठ चवीपुरते नव्हतेच.

म्हणूनच १०० ग्रॅम हलूमीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एका बैठकीत निम्मा वाटा संपला! वर पंचवीसेक ग्रॅम स्निग्धांश. ग्रिलवर उडते ते पाणी, मीठ नव्हे.

तरीही ब्रिटनसारख्या मोठ्या बाजारपेठेत बर्गरमध्ये मांसाऐवजी हलूमीचा जाड तुकडा घातला जातो आणि भरपूर प्रथिने म्हणून त्याचे कौतुक होते. प्रथिने आहेत, यात शंका नाही. पण आपल्याकडे हलूमीला ‘परदेशी पनीर’ समजून टिक्क्यासारखे खाणे चुकीचेच. पनीरही वितळत नाही, मात्र त्यात सहसा मीठच घालत नाहीत. (शाकाहारींनी रेनेट कशापासूनचे, हेही वेष्टनावर पाहावे.)

सायप्रसमध्ये उन्हाळ्यात कलिंगडाच्या फोडींबरोबर हलूमीचे काप खातात, पास्त्यावर ते किसून घालतात. आपण लोणचे-पापड तोंडी लावतो, तसेच हे. उच्च रक्तदाब असलेल्यांनी तर एवढेच प्रमाण ठेवावे. ग्रिल करण्याआधी हलूमी पाण्यात भिजवल्यास वरचे मीठ थोडे उतरते. आतले बरेचसे राहतेच.