आरोग्यचिंतन : अबोल धास्ती

वयात आलेल्या मुलाला जननेंद्रियावर बारीक पुटकुळ्या दिसल्या की तो मनातून हादरतो. घरात विचारण्याची सोय नसते. मग भिंतीवरील ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती त्याला गाठतात.

वास्तविक, शिश्नमुंडाच्या कडेने एक-दोन ओळींत दिसणारे, एकसारखे, मोत्यासारखे उंचवटे अनेक निरोगी तरुणांत असतात. वयाबरोबर ते बहुधा पुसट होतात. वृषणकोशावरील वा शिश्नाच्या त्वचेवरील पिवळसर ठिपके म्हणजे तैलग्रंथी होत. ओठांवरील अशाच ठिपक्यांचे वर्णन अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांनी १८९६ साली केले. हे दोन्ही प्रकार संसर्गजन्य नाहीत, दुर्वर्तनाची खूण नाहीत आणि विवाहाच्या आडही येत नाहीत. त्यांना औषध नको. ते फोडणे, खरवडणे किंवा त्यांवर स्टेरॉइडयुक्त मलम चोळणे हेच अपायकारक.

मात्र उंचवटा नव्याने उद्भवून वाढू लागला, फुलकोबीसारखा खडबडीत झाला, व्रण पडला, दुखले वा स्राव आला, तर त्वचारोगतज्ज्ञाला अवश्य दाखवावे. ग्वाल्हेरात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे जयारोग्य रुग्णालय त्यासाठी आहेच. वडिलांनी मुलाशी एवढे मोकळेपणी बोलावे. निम्मी व्याधी तेथेच सरते.