जुनी टाकी घ्यावी का?

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत हवा वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने कोंडलेली असते. अमेरिकेत वापरलेल्या टाक्या नव्यापेक्षा स्वस्त मिळतात. मग नवी कशाला, असे कोणी विचारील. माझ्या मते आधी धातू व चाचणीची तारीख पाहावी. तेथे दर ५ वर्षांनी टाकीत पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या ५/३ पट दाब देतात. पाणी फारसे आकुंचन पावत नाही. म्हणून टाकी फुटली तरी मोठा स्फोट होत नाही. परंतु १९८०च्या दशकाअखेरपर्यंत बनलेल्या ६३५१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या टाक्यांच्या मानेत कालांतराने बारीक भेगा पडू शकतात आणि त्या या चाचणीतून निसटू शकतात. अशी टाकी फुकट मिळाली तरी नको! बाकी, नुकतीच तपासलेली जुनी टाकी खुशाल घ्यावी. विद्यार्थिमित्रांनो, रंगावर भुलू नका; टाकीच्या खांद्यावर ठोकलेला शिक्का वाचा.