उपोसथ आणि केमोची गोळी

आमच्या जामखेडच्या वस्तीतील एक मावशी कॅन्सरसाठी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घेतात. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्यासोबत, असा त्या गोळीचा नियम. आषाढी पौर्णिमेला मावशींनी अष्टशील धरले. दुपारनंतर अन्न वर्ज्य. संध्याकाळची गोळी उपाशीपोटीच घेतली. हे कळल्यावर आम्ही बेचैन झालो. तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली. रुग्णाने उपाशी राहावे, असे त्यांचा धम्म सांगत नाही.

बंधू-भगिनींनो, ही गोळी म्हणजे घरी घेतलेली केमोच. ती न तोडता, न कुटता अखंड गिळावी. गरोदर सुनेने तिला हात लावू नये. लेकरांपासून दूर ठेवावी. एक वेळ चुकली म्हणून दुप्पट घेऊ नये. ताप, वारंवार जुलाब, तोंड येणे, तळहात-तळपायांची आग झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

एवढे सांभाळायला घरात डॉक्टर लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी याच जामखेडात आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यात अक्षरओळख नसलेल्या बायाही गावच्या आरोग्यसेविका झाल्या. मग आपल्या शिकलेल्या लेकीने आईच्या गोळ्यांची वही का ठेवू नये?

जयभीम!